पाणी पाजलेली दोण

वैशाख तापला की मांडवीला लोखंडावर हातोडी पडायला लागते. आता काय, सगळ्यांच्या लाँची लोखंडाच्या. पुळणीवर ओढून ठेवतात आणि डोक्याला पंचे गुंडाळून माणसं गंज खरवडत बसतात. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. आमची शेजारीण म्हणते, कान किटले बाई. माझे नाही किटत. मी दुपारची जरा आडवी झालेली असते ती उठून बसते. कोपऱ्यात अढीतल्या आंब्यांचा वास दाटलेला असतो, बाहेर वाळू नुसती फणफणत असते, आणि ती हातोडी चालू असते. मग झोप कसली येते.

लोकांना वैशाख म्हटलं की आंबे-फणस आठवतात, पाहुणेरावळे आठवतात. मला आठवतो शेंदूर. अळशीच्या तेलात कालवलेला डबाभर शेंदूर आणि त्यानं कोपरापर्यंत माखलेले ह्यांचे हात. 'हे' म्हणजे माझे मालक. नाव घेणार नाही. जन्मभर घेतलं नाही, उखाण्यापुरतं तेवढं घेतलं, आता म्हातारपणी कशाला सवय लावून घेऊ.

हे आगबोटीवर खलाशी होते. जर्मनीची लढाई संपून बरीच वर्षं झाली होती, आणि आमच्या आळीतल्या निम्म्या घरांतले पुरुष असेच कुठल्या ना कुठल्या बोटीवर असत. कुणी तेलवाला, कुणी भंडारी, कुणी सुकाणूवर. बायका घरात, म्हातारे ओट्यावर, आणि पुरुष दर्यावर, असा आमचा संसार. माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ह्यांच्याबरोबर राहिले ते दिवस गोळा केले असते तर एक धड वर्षही भरलं नसतं. हे येत, चार दिवस पाहुण्यासारखे बसत, मी पाहुण्यासारखं वाढत असे. जरा ओळख व्हायला लागली की पेटी बांधायची वेळ येई. माझं माहेर वेळणेश्वर, माझी आईही तिथलीच. ती म्हणायची, खलाशाची बायको म्हणजे देवळातली समई, जळायचं आणि वाट बघायची. मला ते बोलणं मुळीच आवडत नसे. समईला निदान कुणी तेल तरी घालतं.

त्या वर्षी शिमग्याच्या आधी हे आले ते वेगळेच. जेवताना मामंजींना म्हणाले, "बाबा, दुसऱ्याच्या बोटींचा गंज खरवडून हात झिजले. आता घरच्या बोटीचा खरवडतो." मामंजी म्हणजे माझे सासरे. जन्मभर लाकडी मचव्यावर तांडेल, म्हणजे नावेचे प्रमुख, होते. मचवा विकून आता ओट्यावर जाळी विणत बसत. त्यांनी घास हातातच ठेवला आणि विचारलं, "घरची बोट? कंची रे?"

ती भाट्याच्या खाडीत होती. चिखलात, कांदळवनाच्या मुळांत अडकून पडलेली. म्हणे ती मूळची सिंधकडची, तिथल्या कुठल्याशा कालव्यावर धान्याची पोती वाहायची. भंगारातून मुंबईला आली, तिथून आमच्याकडच्या एका व्यापाऱ्यानं चिरे वाहायला म्हणून ओढून आणली आणि दोन पावसाळ्यांत टाकून दिली. नख लावलं की पोपडे निघत अशी गंजलेली. आणि आकार काय सांगू. आमच्या होड्यांना कसं नाक असतं, पोट असतं, खालून कणा असतो. हिला काहीच नाही. सपाट तळ, सरळ बाजू. शिमग्याच्या उधाणाला आळीतले सगळे मिळून तिला ओढत पुळणीवर घेऊन आले तेव्हा समोरची येसूकाकी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगो, ही नाव काय? ही तर गुरांना पाणी पाजायची दोण." झालं. बारसं झालं. त्या दिवसापासून ती दोणच.

हे हसले, पण मनातून सोडणारे नव्हते. ह्यांचं गणित साधं होतं. दोणीला तळ सपाट, म्हणजे ओहोटीच्या गुडघाभर पाण्यातही ती काजळी नदीतून वर सोमेश्वरापर्यंत जाईल. तिथले आंबे, नारळ, माणसं बंदरावर आणायची. दर्यात जायचंच नाही. खाडीतच कमवायचं आणि संध्याकाळी घरी जेवायला यायचं. संध्याकाळी घरी जेवायला, असं हे दोनदा म्हणाले. मी चुलीकडे तोंड करून बसले होते ते बरं.

पण मुदत होती. पावसाळ्यात आगबोटी बंद. वैशाखाच्या अखेरीस शेवटची बोट मुंबईला जाई, मग नारळी पुनवेपर्यंत दर्या मिटला. ह्यांच्या सारंगानं, म्हणजे बोटीवरच्या मुकादमानं, ह्यांची जागा तेवढ्यापुरतीच धरून ठेवली होती. शेवटच्या बोटीच्या आधी दोण पाण्यात उतरली आणि चार खेपा झाल्या, तर हे राहणार. नाही उतरली, तर जागाही जायची आणि पावसाळाभर खायचं काय हाही प्रश्न. हातात होतं ते सगळं दोणीत घातलेलं. कणगीत भात किती आहे ते मला ठाऊक होतं, ह्यांनाही ठाऊक होतं. त्यामुळे कुणी बोलून दाखवलं नाही.

मग सुरू झाली हातोडी. सकाळी ऊन चढायच्या आत आणि उतरल्यावर. मधल्या वेळी पत्र्याला हात लावायची सोय नव्हती, भाकरी भाजून निघाली असती. खरवडून खरवडून गंजाचा ढीग पडे, वारा आला की सगळी आळी लाल. येसूकाकीच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर एकदा तो बसला आणि तिनं आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हे गेले, तिच्या अंगणातलं लुगडं उचललं, विहिरीवर स्वतः धुऊन आणून वाळत घातलं. पुरुषानं बाईचं लुगडं धुतलं म्हणून मग ती आणखीनच लाजली आणि आम्हाला सांदणं पाठवून दिली. ह्यांचं असं असे. माणसाचा राग हे पाण्यात घालून पिळून काढत.

खरं काम पुढं होतं. जुन्या रिबिटी सैल झाल्या होत्या. रिबीट म्हणजे लोखंडाचा टोपीवाला जाड खिळा. तो लालबुंद तापवायचा, आतल्या बाजूनं भोकात घालायचा, आणि आतून कुणीतरी जड ठोकळा लावून त्याची टोपी दाबून धरायची. तेवढ्यात दुसऱ्यानं बाहेरून त्याचं टोक ठोकून पसरवायचं. थंड झाला की पत्रे एकमेकांना आवळून बसतात. ह्यांनी ते गोदीत पाहिलेलं, केलेलं. आता बाहेरून ठोकायला हे. भट्टीवर भाता हलवायला मामंजी. आत ठोकळा धरायला माणूस हवा. मजूर मिळेना, आंब्याचे दिवस, सगळे बागांत. मी म्हटलं, मी धरते.

हे माझ्याकडे बघत राहिले. मामंजींकडे बघण्याची माझी छाती नव्हती. आमच्यात बायका नव्या नावेत पूजेआधी पाय ठेवत नाहीत. मामंजींनी थोडा वेळ जाळीची गाठ सोडवल्यासारखं केलं आणि म्हणाले, "पुळणीवर हाय तवर ती नाव कुठली? येसू म्हणते ती दोणच. दोणीला बाईचा हात चालतो." असे आमचे मामंजी.

तर मी आत, हे बाहेर, आणि मधे पत्रा. मामंजी चिमट्यानं तापलेला खिळा वरून देत, मी तो भोकात सरकवून ठोकळा लावून अंगानं रेटून धरी. हे बाहेरून दोनदा वाजवत, टक टक, म्हणजे 'धरलंस?'. मी आतून एकदा, टक, म्हणजे 'धरलंय'. मग घाव सुरू. पहिल्या दिवशी मी प्रत्येक घावाला डोळे मिटत होते. हाताची हाडं झिणझिणत, दातापर्यंत कळ जाई. रात्री पेजेची वाटी हातात राहीना. हे म्हणाले, उद्यापासून नको. मी म्हटलं, उद्या किती खिळे आहेत तेवढं सांगा.

आणि एक गोष्ट सांगते. आमच्या घरात दिवसाउजेडी नवरा-बायकोनं बोलायची रीत नव्हती. बोलायचं ते मामंजींच्या आडून, नाहीतर मांजराला उद्देशून. पण त्या पत्र्यातून आम्ही बोलत असू. माणूस दिसत नाही ना, मग लाजही वाटत नाही. खिळा तापेपर्यंत मधे जो वेळ असे त्यात.

"जेवलीस काय गो?"

"पेज प्याले."

"नुसती पेज?"

"आंब्याची फोड घेतली बरोबर. तुमचं आपलं ठोकणं बघा."

भात्याचा आवाज. मग बाहेरून, "वेळणेश्वरकरीण, मी कायमचा राहिलो तर कंटाळशील काय?"

असलं कधी कुणी मला विचारलं नव्हतं. तोंडावर विचारलं असतं तर पळून गेले असते. आतमध्ये अंधुक होतं, भोकाभोकांतून उन्हाचे कवडसे पडले होते, आणि पत्र्याच्या पलीकडे ह्यांचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "राहून तर बघा."

टक टक. टक. आणि घाव सुरू झाले.

सुख म्हणून जे काही असतं ते मला त्या लोखंडी डब्यात मिळालं. घामानं निथळत, तोंडाला काजळी, हाताला फोड. मला कुणी आजही विचारलं, काय हवं, तर मी ती सकाळ मागेन. आणि गंमत अशी की तेव्हा मी रोज मनात म्हणत होते, हे काम एकदाचं संपू दे.

संपत आलं. बाहेरून शेंदूर लागला, पुन्हा गंज धरू नये म्हणून. येसूकाकी म्हणाली, "आता तेल वाहायचं की नारळ फोडायचा? मारुतीच केलात हिचा." त्यावर डांबर चढायचं होतं. आतून पत्रे खरवडून चकचकीत केलेले होते, त्यांना शेंदूर लावायचा राहिला होता. तळाला बसवायच्या फळ्या हातखंब्याच्या वखारीत तयार होत्या. त्या आणायला हे बैलगाडी घेऊन गेले, एक मुक्काम करून परत येणार होते. शेवटच्या बोटीला अजून आठवडा होता. ह्यांनी पेटीवरची धूळसुद्धा झटकली नव्हती, ते मी रोज बघत होते.

आमच्याकडे लाकडी होडी उन्हाळाभर पुळणीवर पडली की तिच्या फळ्या सुकतात, सांधे उघडतात. तशीच पाण्यात घातली तर बुडायची. म्हणून उतरवायच्या आधी तिच्यात पाणी भरून ठेवतात. लाकूड पाणी पितं, फुगतं, सांधे आपसूक मिटतात. नाव तहानलेली असते, तिला आधी पाणी पाजावं, असं म्हातारे म्हणतात. तहानलेली नाव दर्यात घातली तर ती दर्या पिते आणि माणसांनाही. मामंजींनी आयुष्यात एकही नाव पाणी पाजल्याशिवाय उतरवली नव्हती.

मी दुपारची त्यांची पेज घेऊन पुळणीवर गेले तेव्हा बायकांची रांग लागलेली. कळश्या, घागरी, हंडे. मामंजी दोणीच्या कडेला उभे राहून प्रत्येकीला बोलावत होते, "ओत गो, ओत." ओतलेलं खाडीचं पाणी दोणीच्या काठाला आलेलं. वर फुलं तरंगत होती, हळदकुंकू वाहिलं होतं. मामंजींचं तोंड इतकं उजळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "तो फळ्या घिऊन येईल तवर हिची तहान भागवून ठेवतो. एक दिवस वाचला. दिवस कमी हायत, बाय."

दिवस कमी आहेत हे त्यांनाही रोज मोजून माहीत होतं तर. लेकानं राहावं असं माझ्याइतकंच त्या म्हाताऱ्याला वाटत होतं. माझ्याइतकंच, कदाचित जास्तच. त्यांच्याजवळ दिवस माझ्याहून कमी होते.

हे दुसऱ्या दिवशी दुपारी आले. मी परसातून धावत गेले. दोण नारळीच्या ओंडक्यांवर ठेवलेली होती. एवढं पाणी पोटात घेऊन तिचा जुना तळ ओंडक्यांच्या मधे खाली लोंबला होता. आम्ही बसवलेल्या रिबिटींच्या रांगा ओढून वाकड्या झाल्या होत्या, काही सुटूनच गेल्या होत्या. सांध्यासांध्यातून पाणी ठिबकत होतं आणि बाहेरच्या शेंदरावरून आतल्या गंजाचे तांबडे ओघळ वाहत होते. जे मिटावं म्हणून पाणी घातलं ते सगळं पाण्यानं उघडलं होतं.

हे गाडीवरून उतरले. एक फेरी मारली. एका ठिकाणी थांबून पत्र्यावर तळहात ठेवला, ताप बघतात तसा. मामंजी मागोमाग. "पाजली रे पोटभर. जरा गळतेय, पण उद्यापावतर फुगेल."

ह्यांच्या जागी मी असते तर तोंड सुटलं असतं, खोटं कशाला बोलू. हे वळले, आणि हसून म्हणाले, "बरं केलंत बाबा. आगबोटीसुद्धा नव्या असल्या की पाणी भरूनच बघतात. कुठं कच्चं राहिलं ते कळतं. मला हे सुचलंच नसतं."

मामंजी ताठ झाले. "मग? आमचे केस काय उन्हानं पांढरे झाले?"

संध्याकाळी विहिरीवर मी विचारलं, "आता?"

"तळ सगळा उतरवायला लागेल. पावसाच्या आधी व्हायचं नाही."

"आणि तुम्ही?"

हे रहाट धरून उभे राहिले. म्हणाले, "बाबांना काही बोलू नको."

"ते मला कळतं. मी तुमचं विचारतेय."

"पुढच्या शिमग्याला बघू." आणि मग पोहरा विहिरीत सोडला.

शेवटच्या बोटीच्या दिवशी मी बंदरावर गेले नाही. सगळ्या जणी जातात, डोळ्याला पदर लावतात, मला ते जमत नाही. मी दोणीत उतरून नारळाच्या करवंटीनं तळाचं उरलेलं पाणी उपसत बसले. कशाला उपसत होते कुणास ठाऊक. आगबोटीचा भोंगा वाजला. माणसांना तिच्यापर्यंत नेणारे पडाव निघायच्या बेतात असणार. तेवढ्यात बाहेरून आवाज आला. टक टक.

ठोकळा शेजारीच होता. मी उचलला. धरायला काही नव्हतं, खिळा नव्हता, काही नव्हतं. तरी वाजवला. टक. पाय ओले, लुगडं ओलं, कठड्याला धरून वर चढेपर्यंत हे पडावात जाऊन बसले होते. पाठमोरे दिसले. मामंजी पुळणीवर उभे राहून जमलेल्यांना सांगत होते, "पाणी पाजलं म्हणून तर कळलं, नायतर मधे खाडीत बुडाली असती."

पुढच्या शिमग्याला ह्यांची बोट दुसरीकडेच होती. त्यानंतर आले तेव्हा एका महिन्यासाठी. पुन्हा आले, पुन्हा गेले. दोणीचा विषय निघे, 'बघू' म्हणत, आणि पेटी बांधली जाई. एखादी गोष्ट हुकली की ती मागून हाका मारते, पण थांबत नाही. दोण झापांखाली पडून राहिली. मी तिच्यात आमसुलं वाळवू लागले. लोखंड तापलेलं, दोन दिवसांत खडखडीत होत. येसूकाकीही आपली पाटी घेऊन येई.

मामंजी मात्र दर उन्हाळ्यात तिचा गंज खरवडत. थरथरत्या हातानं, थोडा थोडा. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. आळीतले लोक नावेला पाणी पाजायला पहिली घागर त्यांच्या हातची म्हणून बोलवायला येत, पूर्वापार मान त्यांचा. ते जात नसत. गुडघे दुखतात म्हणत. गंज खरवडताना मात्र गुडघे दुखत नसत.

अशीच काही वर्षं गेली आणि एका वैशाखात मी दोणीत आमसुलं परतत होते. काय मनात आलं, शेजारचा ठोकळा उचलला आणि पत्र्यावर वाजवला. टक टक. ह्यांचा ठेका. उगीच, ऐकायला.

बाहेरून उत्तर आलं. टक.

वर डोकं काढून बघते तर मामंजी, हातात खरवडायची पट्टी, दोणीला टेकून बसलेले. भाता हलवता हलवता त्या म्हाताऱ्यानं सगळं ऐकलं होतं. ठोके, आणि बोलणंही.

माझ्याकडे न बघता म्हणाले, "लोखंड पाणी पीत नाय, बाय."

मी खाली उतरले, जवळ बसले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्यानं पत्र्याला हात लावला तवाच. लेकाचं तोंड बापाला वाचता येत नाय होय?"

"मग इतकी वर्षं लोकांना सांगत का राहिलात, पाणी पाजलं म्हणून बरं झालं?"

"त्यानं झाकलं माझं. लेकानं घातलेलं पांघरूण बापानं कसं काढावं?" पट्टीवरचा गंज त्यांनी धोतराला पुसला. "तुझा संसार मात्र मी वाहवला गो."

मी त्यांचा हात धरला. सुनेनं सासऱ्याचा हात धरायची रीत आमच्यात नाही. पण पुळणीवर आहे तोवर ती दोण, आणि दोणीपाशी बाईचा हात चालतो, हे त्यांनीच म्हटलं होतं.

त्याच पावसाळ्यात मामंजी गेले. हे दर्यावर होते. पुढं लोखंडाला भाव आला तेव्हा माणसं येऊन दोणीचे तुकडे करून घेऊन गेली. हे कायमचे घरी आले तेव्हा केस पांढरे, छातीत खोकला. पुळणीवर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "इथंच ना गो आपली दोण?" मी म्हटलं, इथंच. मामंजी काय म्हणाले ते मी ह्यांना कधी सांगितलं नाही. बापानं लेकासाठी पांघरूण तसंच ठेवलं होतं, ते मी कोण काढणार. संध्याकाळी घरी जेवायला असण्याचे चार-सहा वैशाख आम्हाला मिळाले. मग हेही गेले.

तुकडे नेले त्या दिवशी मी आमचा तो ठोकळा तेवढा मागून घेतला. त्याच्यावर नारळ फोडते, कधी दाराला लावते. आत्ताही उशाशी आहे. बाहेर कुणीतरी लाँचेच्या पत्र्याची परीक्षा घेतंय, थांबून थांबून. मधेच दोन ठोके बरोबर त्याच अंतरानं पडतात. टक टक. माणूस परका, लाँच परकी, मला काय कळत नाही होय. पण हात ऐकत नाही. मी ठोकळा उचलते आणि भिंतीवर एकदा वाजवते.

धरलंय.